सासूबाईंच्या डब्यासाठी कार्ड की पेनड्राइव्ह?

रत्नागिरी जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरात सासूबाई आहेत, वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांनी अंधुक दिसते. पहाटे तिलावत, दुपारी नातिया कलाम, संध्याकाळी एखादी जुनी कव्वाली असा त्यांचा दिवस. मोबाइल त्यांना हाताळता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. घरच्यांनी त्यांच्यासाठी छोटा प्लेअर घ्यायचे ठरवले आहे. त्यात मेमरी कार्ड टाकायचे, पेनड्राइव्ह लावायचा की आतच भरपूर मेमरी असलेला प्लेअर आणायचा, एवढेच त्यांना विचारायचे आहे. पत्राच्या शेवटी, सहज आठवले म्हणून लिहावे तशी, एक ओळ आहे. सासरे कुवेतला असताना त्यांनी आवाज भरून पाठवलेल्या अकरा कॅसेटी कपाटात पडून आहेत, त्याही त्याच कार्डात भरून टाकाव्यात आणि कॅसेटींची अडगळ काढावी, असा घरात विचार चालू आहे.

भगिनी, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. पण त्या शेवटच्या ओळीबद्दल आधीच सांगून ठेवतो, की हा लेख संपेपर्यंत कॅसेटींना हात लावू नका.

बाजारात दोन जातींचे प्लेअर मिळतात. एक खिशातला. छोटा पडदा, कानात घालायची वायर, बारीक बटणे. दुसरा म्हणजे रेडिओसारखा डबा. त्याला स्वतःचा स्पीकर असतो, मागे किंवा बाजूला पेनड्राइव्हची चौकोनी खाच आणि तिच्या शेजारी एक अरुंद चीर असते, जिच्यावर 'टीएफ' अशी अक्षरे छापलेली असतात. ही टीएफ काय भानगड आहे, असे अनेक जण विचारतात. २००४ साली हे इवलेसे कार्ड 'ट्रान्सफ्लॅश' या नावाने निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव मायक्रोएसडी झाले. डबे बनवणाऱ्यांनी मात्र जुने नाव सोडले नाही. तेव्हा टीएफ आणि मायक्रोएसडी एकच. दुकानदार टीएफ कार्ड म्हणून वेगळे काही दाखवू लागला तर समजून असा. सासूबाईंसाठी हा डबाच घ्या. कानात वायर घालून बसलेल्या माणसाला दाराची कडी ऐकू येत नाही, आणि बारीक पडद्यावरची यादी अंधुक डोळ्यांना वाचता येत नाही.

आता साठवणुकीकडे वळू.

आतली मेमरी ही सगळ्यांत सोपी दिसणारी सोय. काही काढायचे नाही, काही घालायचे नाही, हरवायची भीती नाही. पण आतली मेमरी पाटीवर झाळलेली असते. बॅटरी फुगली, चार्जिंगची खाच सैल झाली किंवा बटण निकामी झाले की आतला आवाजही यंत्राबरोबर अडकतो. कार्डवाला डबा बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्या डब्यात घालता येते. माझ्या मते काढता येणाऱ्या साठवणुकीचा खरा फायदा हाच आहे. जागा वाढवता येते हा त्यानंतरचा.

हा प्रश्न नवा नाही. १९९८ साली रिओ पीएमपी३०० नावाचा खिशातला प्लेअर आला, तेव्हा त्याच्या आत फक्त ३२ एमबी जागा होती. साध्या दर्जाच्या एमपी३मध्ये अर्ध्या तासाहून थोडे अधिक ऐकता येईल, एवढीच. म्हणून त्याला स्मार्टमीडिया नावाचे पातळ कार्ड घालायची सोय दिली होती. तीन वर्षांनी, २००१ मध्ये, अ‍ॅपलचा आयपॉड आला तो ५ जीबीची छोटी हार्डडिस्क पोटात घेऊन आणि कार्डाची खाच अजिबात न ठेवता. त्या काळात ५ जीबी म्हणजे डोळे विस्फारावेत अशी जागा, त्यामुळे खाच नसल्याची तक्रार फारशी कोणी मनावर घेतली नाही. मधल्या वर्षांत सोनीने आपली मेमरी स्टिक चालवून पाहिली, कोणी कॉम्पॅक्टफ्लॅश घेतले, कोणी मल्टिमीडिया कार्ड. आज स्मार्टमीडिया कार्ड कोणाच्या खणात सापडले तर ते वाचणारे यंत्र शोधत फिरावे लागते. ते कार्ड १२८ एमबीच्या पुढे कधी गेलेच नाही. सोनीचे कार्डही असेच मागे पडले. २००८ साली अमेरिकेत मायक्रोएसडी कार्डांवर अख्खे अल्बम भरून विकण्याचा प्रयोग झाला. तोही रुजला नाही. या सगळ्यातून टिकून राहिल्या त्या दोनच खाचा, मायक्रोएसडीची आणि यूएसबीची. म्हणून निवड करायची ती या दोघांतच, आणि तिसरे काही कितीही चकचकीत दिसले तरी घ्यायचे नाही.

दोघांत सरस कोण? इथे लोक लगेच वेग आणि जागा यांच्याकडे वळतात. मला सासूबाईंच्या बोटांकडे पाहावेसे वाटते.

मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असते. अंगठ्याचे नखच म्हणा ना. ते चिरेत बरोबर बाजूने घालायचे, स्प्रिंगचा खटका बसेपर्यंत नखाने दाबायचे, काढताना पुन्हा दाबून सोडायचे. तरुण हातांनाही ते उडून पलंगाखाली जाते. वयस्कर माणसाला ते उलटे घालता येते आणि जोर लावून आतली पिनही वाकवता येते. पेनड्राइव्हचे तसे नाही. तो बोटांत धरता येतो, त्याला दोरा बांधता येतो, त्याचा रंग दिसतो. चुकीच्या बाजूने जात नाही, फिरवला की जातो. पण त्यालाही खोड आहे. तो डब्याच्या बाहेर बोटभर लोंबत राहतो. घरात लहान मूल असेल तर त्याचा पहिला डोळा त्या लोंबणाऱ्या तुकड्यावर. चेंडू लागला, डबा त्या बाजूला पडला, की पेनड्राइव्ह तर वाकतोच, पण डब्यातील खाचेचा टाकाही सुटतो. म्हणून पेनड्राइव्ह घ्यायचा तर अगदी आखूड घ्यावा, जो नखाएवढाच बाहेर राहतो.

एक मधला मार्गही आहे, आणि मला तो आवडतो. मायक्रोएसडी कार्ड ज्यात बसते असा बोटाच्या पेराएवढा यूएसबी रीडर मिळतो. कार्ड त्यात घातले की झाला पेनड्राइव्ह. डब्याला लावा, गाडीतल्या टेपला लावा, संगणकाला लावा. मुलगा शहरातून येईल तेव्हा रीडर काढून घेऊन नवे काही भरून परत लावील. खिशातला प्लेअर असला तर तेच कार्ड त्यातही चालेल.

आता सगळ्यांत महत्त्वाचे, ज्याकडे दुकानदार कधीच लक्ष देत नाही. तुम्ही १२८ जीबीचे कार्ड आणाल, त्यात तिलावत, नात, कव्वाली, बयान, मुलांची गाणी असे सगळे भराल, फोल्डर कराल. पण फोल्डर बदलायचे तर डब्यावरचे एक बटण दोन सेकंद दाबून धरायचे, दुसरे पटकन दाबायचे, आणि समोर पडदा नाही किंवा असला तरी त्यावर फक्त आकडे. सासूबाई 'पुढे' चे बटण दाबत राहतील, आणि फजरच्या नमाजनंतर ढोलक सुरू झाली की डबा बंद करून ठेवून देतील. कॅसेटच्या काळात हा घोळ नव्हता, हे आठवून पाहा. ही कॅसेट तिलावतीची, ती नातची, जी घातली ती वाजली. घालायची वस्तू हीच यादी होती. ज्याला पडदा वाचता येत नाही त्याच्यासाठी आजही तेच करावे. एक मोठे कार्ड घेण्याऐवजी कमी जागेचे तीन पेनड्राइव्ह घ्या. एकाला हिरवा दोरा, एकाला लाल, एकाला पांढरा. प्रत्येकात एकच प्रकार. दोऱ्यांना वेगवेगळ्या गाठी मारल्या तर अंधारातही ओळखू येतात. कार्डांची जागा वाढत गेली तसा हा साधा उपाय आपण विसरलो.

जागा किती लागते, ते एकदा मांडून पाहू. साध्या दर्जाच्या म्हणजे १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला जेमतेम १ एमबी लागते, तासाला ५८ एमबीच्या आसपास. संपूर्ण कुरआन शरीफची तिलावत, संथ वाचणाऱ्या कारींची, ३० तास धरली तरी पावणेदोन जीबीत मावते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये १३५ तासांहून अधिक आवाज बसतो. सासूबाईंनी रोज चार तास ऐकले तरी महिना उलटून जाईल. मग १२८ जीबी कशाला? घरातल्या तरुणाला सीडीच्या दर्जाचे, आवाज न कापलेले संगीत ऐकायचे असेल तर गोष्ट निराळी. त्या फ्लॅक फाइलींना मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात, म्हणजे पाचपट जागा. त्याने ६४ किंवा १२८ जीबीचे कार्ड घ्यावे, खिशातल्या प्लेअरमध्ये घालावे आणि वारंवार काढू नये.

वेगाचे आकडे मात्र सोडून द्या. कार्डावर १०, यू३, व्ही३०, ए१ अशी चिन्हे असतात आणि त्यांचे वेगळे पैसे लागतात. ती चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आणि मोबाइलमधील अ‍ॅपसाठी आहेत. सर्वांत संथ वर्गाचे कार्डही सेकंदाला २ एमबी लिहू शकते. आवाजाला सेकंदाला १६ केबी पुरतात. भरताना थोडा अधिक वेळ लागेल, ऐकताना काडीचाही फरक पडणार नाही.

३२ जीबीच्या वर जाताना एक अडचण येते, ती माहीत हवी. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट३२ नावाच्या पद्धतीने मांडलेली येतात, त्याच्या वरची एक्सफॅट पद्धतीने. स्वस्त डब्यांना एक्सफॅट वाचता येत नाही. ६४चे कार्ड घातले की डबा मुका. लोक कार्ड परत करायला धावतात, दुकानदार म्हणतो डबा खराब, डबेवाला म्हणतो कार्ड खराब. खरे तर दोघेही चांगले असतात, एकमेकांची भाषा कळत नाही एवढेच. संगणकावर वेगळे साधन वापरून मोठे कार्डही फॅट३२ करता येते, पण डब्यासाठी ३२ किंवा त्याहून कमीचे घेतले की कटकटच उरत नाही.

आणखी एक गोष्ट अनेक घरांत छळते. तिलावत भरली, पण सूरा क्रमाने वाजत नाहीत. अल-फातिहानंतर एकदम दहावी, मग शंभरावी, मग अल-बकरा. याला कारण नावांतील आकडे. यंत्र १, १०, १००, २ असा क्रम लावते, कारण ते आकडा मोजत नाही, अक्षर पाहते. म्हणून ११४ सूरांना ००१, ००२ ते ११४ अशी तीन आकडी नावे द्यावीत, तीही इंग्रजी आकड्यांत. उर्दूत किंवा मराठीत दिलेले नाव बऱ्याच डब्यांच्या पडद्यावर चौकोन होऊन दिसते. एवढे करूनही काही डबे नावाकडे पाहतच नाहीत. ज्या क्रमाने फाइली कार्डात उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा डब्यासाठी कार्ड पूर्ण रिकामे करून, फॉरमॅट करून, फाइली एकामागून एक क्रमाने भराव्या लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करायचे आहे.

दुकानात डबा घेताना हेही तपासा: मध्येच बंद केला आणि पुन्हा लावला तर जिथे थांबला तिथून सुरू होतो, की त्या फाइलीच्या आरंभापासून, की थेट पहिल्या फाइलीपासून? तिसऱ्या प्रकारचा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तासाभराचा पारा एका फाइलीत न ठेवता दहा-पंधरा मिनिटांचे भाग करून भरावा, म्हणजे वीज गेली तरी फार मागे जावे लागत नाही.

आता कार्ड खरेदीतील फसवणूक. कार्डाच्या आत साठवणारी चकती असते आणि तिचा हिशेब ठेवणारी एक छोटी चिप असते. खोटे कार्ड बनवणारा या हिशेबनीसाला खोटे बोलायला शिकवतो. आत जागा ८ जीबी, पण संगणकाला सांगायचे १२८. तुम्ही भरत जाता, सगळे नीट भरल्यासारखे दिसते, फाइलींची नावेही दिसतात. आठाच्या पुढचा माल मात्र कुठेच नसतो, किंवा तो आधीच्या मालावर लिहिला जाऊन दोन्ही बिघडतात. हे उघड होते काही आठवड्यांनी, जेव्हा नाव असते पण आवाज येत नाही. वेष्टन, छपाई, नाव हे सगळे हुबेहूब असते, त्यामुळे पाहून ओळखता येत नाही. ओळखायचा एकच भरवशाचा उपाय, कार्ड पूर्ण भरून परत वाचून पाहणे. विंडोज संगणकासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचे छोटे मोफत साधन आहे, लिनक्ससाठी एफ३ आहे. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने ३२ जीबी भरायला पाऊण-एक तास लागतो, वाचायला आणखी थोडा. नवे कार्ड आणले की रात्री हे काम लावून द्यावे. आणि हो, ३२चे कार्ड संगणकावर २९.८ दिसते. ती फसवणूक नाही, मोजणीच्या दोन पद्धतींतला फरक आहे. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

आमच्या भागातील एका दुकानातून मी घेतलेले ६४चे कार्ड या तपासणीत १५ जीबीवर थांबले. दुकानदाराने बिल नसताना ते परत घेतले हे त्याचे सौजन्य, पण त्याच कार्डांची पेटी त्याच्या काउंटरवर तशीच राहिली.

मोबाइलच्या दुकानात 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असते. सासूबाईंसाठी तिथून चिप भरून आणणे सोपे वाटेल. पण त्या दुकानात दिवसभरात पन्नास जणांची कार्डे एकाच संगणकाला लागतात, आणि त्यांतील व्हायरस एकाकडून दुसऱ्याकडे जातो. फोल्डर गायब होऊन त्याजागी शॉर्टकट दिसू लागले की समजावे, तोच पाहुणा आला. शिवाय भरलेला माल बहुधा चोरीचा, दर्जाही घसरलेला. तिलावतीच्या फाइली तर अशा ठिकाणी अर्ध्यातच तुटलेल्या आढळतात, आणि ऐकणाऱ्याला आयत अधुरी राहिल्याचा त्रास होतो. घरातील कोणी तरुणाने निगुतीने भरणे हेच बरे.

मोबाइलचाच आणखी एक धोका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड घातले की तो विचारतो, हे फोनची आतली साठवण म्हणून वापरू का? 'हो' म्हटले की कार्ड आधी पूर्ण पुसले जाते, मग त्या एका फोनपुरते कुलूपबंद होते. तिथून काढून डब्यात घातले तर डब्याला काही दिसणार नाही. घरातील मुलांना हे बजावून ठेवा. आजीचे कार्ड 'जरा बघू' म्हणून फोनमध्ये घालणारा नातू प्रत्येक घरात असतो.

आता त्या अकरा कॅसेटी.

कोकणातल्या किती घरांत अशा कॅसेटी आहेत, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आखातातला फोन महाग होता, गावात फोन असलेले घर एखादेच, आणि लिहिणे-वाचणे सगळ्यांना जमत नव्हते. मग तिकडे खोलीत बसून टेपवर बोलायचे आणि सुट्टीवर निघालेल्या गावकऱ्याच्या हाती कॅसेट द्यायची. इकडे सगळे घर भोवती बसून ऐकायचे, आणि रिकाम्या बाजूला आपले बोलणे भरून परत पाठवायचे. त्यात पैशांचा हिशेब आहे, आजारपणाची चौकशी आहे, नुकत्याच जन्मलेल्या मुलाचा रडण्याचा आवाज आहे. तिलावत उद्या पुसली गेली तर परवा पुन्हा मिळेल, त्याच कारींची, त्याच दर्जाची. सासऱ्यांचा आवाज जगात त्या अकरा कॅसेटींतच आहे.

म्हणून जे कार्ड रोज डब्यात जाते-येते, ज्याला नातवंडांचे हात लागतात, ज्यावर कोणी कधी नवे काही भरते, त्यात हा आवाज एकटा ठेवायचा नाही. कार्डात आवाज म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला तर हळूहळू गळतो, उष्णतेत लवकर गळतो. कॅसेट खराब होते तेव्हा आवाज खरखरतो, दबतो, पण माणूस ओळखू येतो. कार्ड जाते तेव्हा बहुतेक वेळा एकदम जाते, आणि या इवल्या कार्डांत सगळे भाग एकाच ठोकळ्यात ओतलेले असल्याने तज्ज्ञालाही आतले काढणे कठीण जाते, खर्चाचे तर जातेच. कार्डाच्या हमीत कार्ड बदलून मिळते, आतले काही मिळत नाही.

मग करायचे काय? कॅसेटी आधी पाहा. वरच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी लाल बटण दाबले तरी त्यावर नवे भरले जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट टेपमध्ये घालूच नका. कोकणच्या पावसात हे नेहमीचे आहे, आणि ती बुरशी टेपच्या हेडला लागून बाकीच्या कॅसेटींवरही जाते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. उरलेल्या कॅसेटी आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्याव्यात, कारण वर्षानुवर्षे चिकटून बसलेली फीत एकदम वाजवली तर तुटते. टेपचे हेड स्वच्छ असावे. टेपच्या इअरफोनच्या छिद्रातून वायर संगणकाच्या आवाज घेणाऱ्या छिद्रात घालावी आणि कॅसेट वाजत असताना भरून घ्यावे. तासाची कॅसेट म्हणजे पूर्ण तास. घाई करता येत नाही.

भरताना एमपी३ नको, वेव्ह फाइल करा. बोलण्याला मोनो पुरते, त्याला मिनिटाला ५ एमबीच्या थोडे वर लागतात. तासाच्या अकरा कॅसेटी धरल्या तर सगळा मिळून साडेतीन जीबीचा मामला, आजच्या हिशेबाने नगण्य. या मूळ फाइली घरच्या संगणकावर किंवा हार्डडिस्कवर ठेवा. दुसरी प्रत एका वेगळ्या कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती वाजवायला वापरू नका. वर्षातून एकदा संगणकाला लावून सगळ्या फाइली उघडतात का ते पाहा, दर चार-पाच वर्षांनी नव्या कार्डावर उतरवा. तिसरी प्रत दुसऱ्या गावी, मुंबईला नणंदेकडे किंवा आखातातल्या दिराकडे. हे झाल्यावर सासूबाईंच्या डब्यासाठी हलकी एमपी३ प्रत करून चौथ्या पेनड्राइव्हमध्ये भरा. तो हरवला, तुटला, नातवाने पुसला, तरी मन घट्ट ठेवता येईल.

आणि ही कामे मोबाइलच्या दुकानात देऊ नका. त्या कॅसेटींत नवऱ्याने बायकोशी केलेले बोलणे आहे. दुकानदाराच्या संगणकावर त्याची प्रत राहू नये. घरातही आधी सासूबाईंना विचारा. कुठली कॅसेट सगळ्यांनी ऐकायची आणि कुठली त्यांनी एकटीने, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. काही जणींना तो आवाज पुन्हा ऐकायला हवा असतो, काहींना सहन होत नाही. न विचारता डब्यातून अचानक तो आवाज लावून देणे, प्रेमापोटी केले तरी, बरे नव्हे.

कॅसेटी मात्र टाकू नका. अडगळ वाटली तरी प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, कोरड्या जागी, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा. आज भरलेली फाइल उद्या ऐकताना एखादा तुकडा दबलेला आढळला, तर पुन्हा त्याच्याकडेच यावे लागेल.

खरेदीची यादी पत्रात मागितली आहे, ती देतो. स्पीकरवाला एक डबा, ज्याची बटणे मोठी आहेत आणि जो थांबला तिथून सुरू होतो. ८ किंवा १६ जीबीचे चार आखूड पेनड्राइव्ह, चार रंगांचे दोरे. प्रतीसाठी ३२ जीबीचे एक मायक्रोएसडी कार्ड, बिल घेऊन, आणि त्याबरोबर मिळणारे मोठे अ‍ॅडॉप्टर सांभाळून ठेवा. त्याच्या कडेला बारीक खटका असतो, तो खाली सरकवला की संगणक त्या कार्डावर काही लिहू किंवा पुसू शकत नाही. नखाएवढ्या कार्डावर नाव लिहिता येत नाही, म्हणून ते अ‍ॅडॉप्टरमध्येच ठेवून अत्तराच्या रिकाम्या डबीत घाला, डबीवर चिठ्ठी चिकटवा आणि चिठ्ठीवर सासऱ्यांचे नाव व भरल्याची तारीख लिहा.